कितीपैकी किती?

१८९८ सालचा ऑगस्ट. हुबळीवर पहाटेपासून बारीक पाऊस लागून राहिलाय आणि तुम्ही कमरीपेठेच्या तोंडाशी उभे आहात. काळी चिकण माती पायताणाला धरते आहे. ही विणकरांची वस्ती. पटवेगारांची, म्हणजे सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रियांची घरं दाटीनं लागलेली. घरात त्यांची खत्री बोली, बाजारात कन्नड आणि तुमच्याशी मराठी. एरवी या वेळी घराघरांतून खड्डामागाचा ठोका ऐकू आला असता. आज एखाद्याच घरातून धोट्याचा आवाज येतो आणि मध्येच थांबतो. सूत द्यायला व्यापारी नाही, लुगडं घ्यायला गिऱ्हाईक नाही.

कित्येक दारांना कुलपं आहेत. माणसं गावाबाहेर शेतांत झोपड्या घालून राहिली आहेत. काही घरांची छपरं मुद्दाम उघडी केलेली, ऊन आत जावं म्हणून. पण ऊनच पडत नाही. भिंतींना नुकताच चुना फासलाय. वर्तमानपत्रं या रोगाला, म्हणजे प्लेगला, ग्रंथिक सन्निपात म्हणतात, पेठेत सगळे गाठीचा ताप म्हणतात. काखेत किंवा जांघेत गाठ, अंगात फणफणता ताप, आणि चार-पाच दिवसांत घरात एक माणूस कमी.

एका ओट्याखाली मेलेला उंदीर पडलाय. तुम्ही सव्वाशे वर्षांनंतरच्या काळातून आलात, म्हणून पाय आपोआप मागे घेता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसात आणते, हे तुम्हांला शाळेपासून ठाऊक आहे. याच वर्षी जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं प्रयोग करून ते दाखवलंय, पण अजून फारसं कुणी मानत नाही. या पेठेत आज रोग कसा पसरतो हे कुणालाच माहीत नाही. तरीही एक प्रश्न इथं सोडवता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी ते माहीत असण्याची गरज नाही. फक्त नीट मोजावं लागेल.

पेठेच्या टोकाला एक मेज मांडलंय. त्यावर मुंबईहून आलेल्या कुप्या, सुया, स्पिरिटचा दिवा. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात मोडतो. इथल्या टोचणीची मोहीम सर्जन-कॅप्टन ल्यूमन यांच्याकडे आहे. मे महिन्यापासून ती चालू आहे, आणि सप्टेंबर सरेपर्यंत पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात तीस हजारांहून अधिक लोकांनी दंड पुढे केलेला असेल. लस वाल्देमार हाफकिन यांची. ओडेसात जन्मलेला, पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत तयार झालेला हा माणूस १८९६ च्या प्लेगसाठी मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ ला त्यानं पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. बकऱ्याच्या मांसाच्या रसावर तुपाचे थेंब सोडायचे, थेंबांखाली प्लेगच्या जंतूंचे लोंबते धागे वाढू द्यायचे, मग ऊब देऊन ते मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालून कुप्या भरायच्या, अशी ती तयार होते. टोचल्यावर दंड सुजतो, ताप येतो, दोन दिवस माग चालवता येत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला हे दोन दिवस फार मोठे.

तुमच्या हातात वही आहे, म्हणून पेठेतले लोक तुम्हांला मोजणीवर नेमलेले मास्तर समजतात. एक बाई तुमच्याजवळ येते. मागे सात-आठ वर्षांचा मुलगा लुगड्याच्या पदराला धरून उभा.

“मास्तर, खरं सांगा. टोचून घेतलं तर माझं पोर वाचेल का?”

“अक्का, थोडा वेळ द्या,” तुम्ही म्हणता. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं देता येत नाही आणि ‘नाही’ असंही देता येत नाही. त्याचं खरं उत्तर एका अपूर्णांकात आहे आणि तो अपूर्णांक अजून कुणी तिच्या हातात दिलेला नाही.

मुलगा ओट्यावर बसून कवड्या टाकायला लागतो. तुम्ही त्याच्याशेजारी बसता. नाणं असतं तर छापा किंवा काटा, दोन्ही बाजू सारख्या, म्हणून निम्मं-निम्मं असं न टाकताही सांगता आलं असतं. कवडीची गोष्ट वेगळी. एक बाजू फुगीर, दुसरी सपाट आणि दातेरी. ती उताणी पडण्याची शक्यता किती, हे तिच्याकडे नुसतं बघून कुणालाही सांगता येणार नाही. तिला टाकत राहायचं, किती वेळा टाकली ते लिहायचं, त्यांपैकी किती वेळा उताणी पडली ते लिहायचं आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. या भागाकाराला प्रायोगिक संभाव्यता म्हणतात. सुरुवातीला तो आकडा फार हेलकावे खातो. एकच टाक त्याला कुठल्या कुठं नेते. टाकी वाढत गेल्या की तो एका जागी स्थिरावू लागतो. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकलेला जॉन केरिच हा गणितज्ञ पुढे एक नाणं १०,००० वेळा उडवणार आहे. त्यात छापा ५,०६७ वेळा पडेल, म्हणजे निम्म्याच्या अगदी जवळ.

रोगाची शक्यता कवडीच्या जातीची आहे, नाण्याच्या नाही. माणसाच्या शरीराकडे बघून ती काढता येत नाही. ती मोजूनच मिळते. फरक एवढाच की इथली प्रत्येक टाक म्हणजे एक माणूस आहे, आणि तो माणूस पुन्हा टाकता येत नाही.

तुम्ही वही उघडून चालू लागता. पहिल्या दहा घरांतच कळतं की भागाकाराचा वरचा आकडा सोपा आहे. घरात कुणी गेलं की सगळ्या पेठेला कळतं. रडणं ऐकू येतं, तिरडी बांधली जाते, नोंद होते. अवघड आहे खालचा आकडा. जिवंत माणसं गाजावाजा करत नाहीत. या घरात किती जण राहतात? सात. मागच्या आठवड्यात? नऊ, पण थोरला आणि त्याची बायको बेटगेरीला गेले. त्यांनी टोचून घेतलं होतं का? नाही. मग ते ‘न टोचलेले’ म्हणून मोजायचे का? साथ चढायला लागल्यावर गाव सोडून गेलेला माणूस कमरीपेठेतल्या न टोचलेल्यांत धरला, तर तो जगला म्हणून तो गट फुकट सुरक्षित दिसू लागेल. वगळला, तर जे मागे राहिले तेवढेच मोजले जातील आणि गट भयंकर दिसेल. शेतातल्या झोपडीत राहणारे, दुसऱ्या गावाहून इथं येऊन वारलेले, सरकारी माणसं छावणीत नेतील या भीतीनं लपवलेले आजारी: यांतल्या प्रत्येकासाठी निर्णय करावा लागतो, आणि तो वहीत लिहून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण काळाची. आज जो न टोचलेल्यांत आहे, तो उद्या मेजापुढे बसून टोचलेल्यांत जाईल. साथ संपल्यावर एकदाच बेरीज केली, तर लस पेठेत पोचण्याआधीच गेलेली सगळी माणसं न टोचलेल्यांच्या खात्यावर पडतात. त्यांना निवडच मिळाली नव्हती. यावर उपाय म्हणजे आठवड्याचा तक्ता. दर आठवड्याच्या आरंभी दोन्ही गटांत किती जण आहेत ते लिहायचं, त्या आठवड्यात प्रत्येक गटातले किती गेले ते लिहायचं, आणि तेवढ्यापुरता भागाकार करायचा. एकच माणूस जूनमध्ये एका रकान्यात आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या रकान्यात मोजला जातो, आणि ते बरोबरच आहे. हुबळीत आठवड्यांच्या हिशेबानं असे तक्ते मांडले गेले आणि पुढे सगळ्या जगातल्या प्लेगच्या चर्चेत ते पोचले.

आता काही महिने पुढे या. साथ ओसरली आहे आणि तुम्ही हुबळीच्या सदर्न मराठा स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या गिरणीच्या फाटकाशी आहात. गिरणी मोजणाऱ्याला बरी, कारण तिथं हजेरीपट असतो. कोण कामावर आहे, कोण नाही, हे रोज लिहिलेलं. खालचा आकडा इथं भक्कम आहे. १,१७३ माणसांचा हिशेब आहे. दोनदा टोचलेले १,०४०. त्यांतले २२ प्लेगनं गेले. एकदाच टोचलेले ५८. त्यांतले ८ गेले. अजिबात न टोचलेले ७५. त्यांतले २० गेले.

वहीत भागाकार मांडा. दोनदा टोचलेल्यांत शेकडा २.१. एकदा टोचलेल्यांत शेकडा १३.८. न टोचलेल्यांत शेकडा २६.७. हे निव्वळ नशीब असू शकतं का? तेही तपासता येतं. एकूण ५० माणसं गेली, १,१७३ पैकी. म्हणजे शेकडा ४.३. लसीचा काहीच परिणाम नसता आणि मरण तिन्ही गटांत सारखंच वाटलं गेलं असतं, तर ७५ जणांच्या गटात तीन-साडेतीन मृत्यू व्हायला हवे होते. झाले २०. आणि १,०४० च्या गटात सुमारे ४४ व्हायला हवे होते, झाले २२. एवढी तफावत केवळ योगायोगानं पडणं जवळजवळ अशक्य आहे.

पण गटांचा आकार विसरू नका. १,०४० जणांत एक मृत्यू कमी-जास्त झाला तर टक्केवारी दशांशानं हलते. ७५ जणांत तोच एक मृत्यू आकडा सव्वा टक्क्यानं हलवतो, ५८ जणांत पावणेदोन टक्क्यांनी. म्हणून २.१ या आकड्यावर जेवढा भार टाकता येईल तेवढा १३.८ वर टाकता येणार नाही.

त्या मधल्या गटाकडे आणखी एकदा बघा. एकदाच टोचलेले ५८. त्यांनी दुसऱ्यांदा का टोचून घेतलं नाही? कुणी पहिल्या तापाला घाबरलं असेल. पण कुणी पहिल्या टोचणीनंतर दुसरीची वेळ येण्याआधीच प्लेगनं गेलं असेल, आणि असा माणूस कायमचा ‘एकदाच टोचलेला’ राहतो. दोनदा टोचलेल्यांत येण्यासाठी तेवढे दिवस जगणं हीच अट होती. म्हणजे दुसऱ्या टोचणीचा फायदा आकड्यात दिसतो त्यापेक्षा कमी असू शकतो. आणि ते ७५? ते आधीच आजारी, अशक्त किंवा सगळ्यांत गरीब होते का? अंधाऱ्या, कोंदट घरांत राहणारे होते का? तसं असेल तर त्यांच्या मृत्यूंचं सगळं माप लस न घेण्याच्या पदरात टाकता येणार नाही. गिरणीचे आकडे लस उपयोगी आहे हे जोरानं सांगतात. किती उपयोगी, हे मात्र पूर्ण सांगत नाहीत. त्यासाठी दोन्ही बाजूंची माणसं एकसारखी असायला हवीत.

अशी माणसं शोधायची तर फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी जावं लागेल. गायकवाडांचं राज्य, बडोद्याजवळचं खेडं, प्लेग शिरलेला. हाफकिन आणि संस्थानचे अधिकारी एकेक कुटुंब समोर बसवतात आणि कुटुंबातल्या माणसांचे दोन वाटे करतात. बाया, पुरुष, मुलं, म्हातारी, धट्टीकट्टी आणि दुबळी, शक्य तितकी दोन्हीकडे सारखी. एका वाट्याला टोचायचं, दुसऱ्याला नाही. तेच घर, तीच चूल, तेच अन्न, तोच दिवस. अंगणात उभं राहून तुम्ही बघता, की एका भावाचा दंड उघडा होतो आणि दुसरा नुसता बघत राहतो. तुमच्या मनात कालवाकालव होते आणि ती व्हायलाच हवी, कारण ज्याला सुई मिळाली नाही त्याला पुढं काय होईल हे तुम्हांला ठाऊक आहे. या माणसांना आज आपण जशी संमती विचारतो तशी विचारलेली नव्हती. त्यांच्याकडून जे मिळालं, ते निदान वाया जाऊ नये.

काही आठवड्यांनी हिशेब होतो. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेले ७१ आणि न टोचलेले ६४ होते. टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडले, ३ गेले. न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडले, २६ गेले.

इथं एकाऐवजी दोन शक्यता वेगळ्या काढता येतात. पहिली, रोग लागण्याची: टोचलेल्यांत ७१ पैकी ८, म्हणजे शेकडा ११, न टोचलेल्यांत ६४ पैकी २७, म्हणजे शेकडा ४२. दुसरी, रोग लागल्यावर मरण्याची: एकीकडे ८ पैकी ३, दुसरीकडे २७ पैकी २६. दोन्ही पायऱ्यांवर लस आडवी आली. दोन्हींचा गुणाकार केला की एकूण मरणाची शक्यता येते: शेकडा ४.२ विरुद्ध शेकडा ४०.६. गट लहान आहेत, पण ते एकाच घरातले आहेत. गिरणीत संख्या मोठी होती आणि सारखेपणा शंकास्पद. उंढेऱ्यात संख्या लहान आणि सारखेपणा भक्कम. दोन्हीकडचा कल मात्र एकच निघतो, आणि म्हणून त्यावर विश्वास बसतो.

आता पुन्हा ऑगस्टात, कमरीपेठेत या. अक्का ओट्यावरच बसलेली आहे.

“अक्का,” तुम्ही म्हणता, “बडोद्याकडच्या एका गावात, गाठीचा ताप शिरलेल्या घरांतली माणसं मोजली. न टोचलेल्या दर शंभरांतले चाळीस गेले. टोचलेल्या दर शंभरांतले चार. तुमचा मुलगा त्या चारांत असेल की नसेल, ते मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येत नाही. टोचल्यावर पहिले काही दिवस जोर यायला लागतात, तेवढे दिवस जपा. हे मी मनचं सांगत नाही, मोजलेलं सांगतो.”

ती बराच वेळ गप्प बसते. मग विचारते, “त्या चारांत कोण होतं, लहान पोरं होती का?” हा प्रश्न कुठल्याही संख्याशास्त्रज्ञानं विचारावा असा आहे. मोठ्या गटाचा आकडा तिच्या मुलाच्या वयाला लागू पडतो का, हेच ती विचारते आहे. तुमच्याकडे त्याचं उत्तर नाही आणि तुम्ही तसं स्पष्ट सांगता. ती उठते, मुलाचा हात धरते आणि मेजाकडे चालू लागते.

त्याच हिवाळ्यात फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन प्लेग कमिशन देशभर साक्षी घेत फिरतं. त्यात अल्मरोथ राइटही आहेत, विषमज्वराच्या लसीवर काम करणारे. सभासद टोचणीचे आकडे कठोरपणे तपासतात आणि तुम्ही पेठेत विचारलेलेच प्रश्न विचारतात: गाव सोडून गेलेले कुठे मोजले, न टोचलेल्यांची संख्या कशी ठरवली, दोन्ही गट सारखेच धोक्यात होते का? त्यांचा निष्कर्ष मोजूनमापून दिलेला आहे: टोचणीनं रोग लागण्याचं आणि मरणाचं प्रमाण निश्चितपणे घटतं, पूर्ण संरक्षण मिळत नाही, आणि पहिल्या काही दिवसांत फारसं संरक्षण नसतं. या तपासणीनं हुबळीचं काम लहान झालं नाही. शंकेच्या चाळणीतून जे उरलं, त्यावर पुढच्यांना उभं राहता आलं.

वरचा आकडा एकटा सुटला की काय होतं, हे ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावी दिसतं. तिथं टोचलेल्या १०७ जणांपैकी एकाच कुपीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं जातात. दुर्घटना खरी आहे आणि भीषण आहे. पण त्या मोहिमेत टोचल्या गेलेल्या लाखो पंजाब्यांचा छेद बातमीबरोबर प्रवास करत नाही. एकोणीस हा आकडा तेवढा करतो. लोक टोचणीपासून दूर जातात, प्लेग मात्र जात नाही. हाफकिन यांना दूर केलं जातं आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरतात. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव १९२५ मध्ये लाभतं.

शेवटचा थांबा लंडनचा, १९१५. मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल हे दोघे लसींच्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा यावर निबंध वाचतात. हाफकिन यांच्या पटकीच्या लसीचे हिंदुस्थानातले आकडेही त्यात आहेत. त्यांच्या अटी तुम्ही लगेच ओळखता: दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत, दोघांना रोगाचा धोका सारखाच असायला हवा, कोण कुठल्या गटात हे ठरवणं आणि आजाराचं निदान करणं एकमेकांपासून अलग राहायला हवं. आज नव्या लसीची चाचणी होते तेव्हा चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, कुणाला काय दिलं हे डॉक्टरपासूनही लपवतात, आणि अर्धवट सोडून गेलेल्या माणसालाही हिशेबात ठेवतात. या प्रत्येक नियमामागे उंढेऱ्याच्या अंगणातलं, गिरणीच्या फाटकावरचं आणि कमरीपेठेतल्या बंद दारांपुढचं एखादं कोडं उभं आहे.

प्रायोगिक संभाव्यता शाळेत एका ओळीत शिकवतात: घटना किती वेळा घडली, भागिले प्रयोग किती वेळा केला. ओळ खरी आहे. पण तिच्यातलं कष्टाचं काम भागाकार चिन्हाच्या खाली आहे. ज्यांना काहीच झालं नाही ती माणसं शोधून काढणं, निघून गेलेल्यांचा माग ठेवणं, दोन्ही पारड्यांत सारखी माणसं पडली आहेत ना हे तपासणं, आणि संख्या लहान असेल तर त्या बेतानंच बोलणं. एखादं औषध गुणकारी आहे, एखादी लस घातक आहे, एखादं पीक हमखास येतं, असं कुणी तुम्हांला सांगेल तेव्हा ‘कितीपैकी?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. हुबळीच्या विणकरांनी आणि गिरणी कामगारांनी तो हक्क आपल्या जिवाच्या मोलानं कमावून ठेवलाय. त्या वहीतल्या एकाही जिवंत माणसाला न गाळता उत्तर देणं, हे सांगणाऱ्याचं कर्तव्य आहे.